माझगांवच्या बंगल्यांतली आगबोट

मुंबईच्या भरभराटीची कथा आपण बहुधा कापसापासून सुरू करतों आणि गिरण्यांच्या धुराड्यांपाशीं आणून सोडतों. परळ-लालबागच्या रहिवाशाला तें साहजिकच वाटतें. त्याच्या कित्येक पिढ्या गिरणीच्या भोंग्यावर उठल्या आणि भोंग्यावरच घरीं परतल्या. परंतु जें शहर सात बेटांवर वसलें, त्याचा पहिला धंदा सुताचा असणें शक्य नव्हतें. तो लांकडाचा होता. एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जाण्यास होडी लागे, मासळी आणण्यास होडी लागे, आणि बंदरांत नांगरलेल्या जहाजावरचा माल धक्क्याला लावण्यास पडाव लागे. कावसजी दावर यांनीं मुंबईंतली पहिली कापडगिरणी १८५४ सालीं काढली. तिच्या कितीतरी आधींपासून या किनाऱ्यावर वाकसाचा ठोका ऐकूं येत होता.

या जुन्या धंद्याचा इतिहास दोन जागीं शोधावा लागतो. एक जागा कोटांतली सरकारी गोदी. तेथील प्रत्येक जहाजाचें नांव, वजन, तोफा आणि पाण्यांत लोटल्याची तारीख दप्तरांत नमूद आहे. दुसरी जागा वरळी, माहीम, माझगांव, कुलाबा येथील कोळीवाड्यांची वाळू. तेथें कोणींच कांहीं लिहून ठेवलेलें नाहीं. या दोहोंच्या मध्यें आणखी एक जागा आहे, आणि तिच्याकडे आपल्या इतिहासकारांचें जावें तितकें लक्ष गेलेलें नाहीं. ती म्हणजे माझगांवचा एक खासगी बंगला. त्या बंगल्यांतल्या भट्टींत घडविलेले भाग घेऊन १८५१ सालीं एक आगबोट मुंबईच्या पाण्यांत उतरली. घरच्या कारखान्यांत माणसाला काय साधतें, आणि तें पुढें टिकत कां नाहीं, या दोन्हीं प्रश्नांना त्या बंगल्याइतकें चांगलें उदाहरण मला दुसरें दिसत नाहीं.

पण आधीं वाळूवर जाऊं. कारण मूळ विद्या तेथली.

होडी बांधणारा सुतार कागदावर कांहीं काढीत नसे. हात, वीत आणि अंगुळें हीं त्याचीं मापें, आणि नकाशा त्याच्या डोळ्यांत. नाखव्यानें 'अमुक हात लांब' एवढें सांगितलें कीं रुंदी किती, पोट किती खोल, नाळ किती पुढें झुकलेली, हें सारें तो त्या एका आंकड्यावरून मनाशीं ठरवी. प्रथम पठाण, म्हणजे नावेचा कणा, ओंडक्यांवर मांडावयाचा. त्याच्या पुढल्या टोंकाला नाळ आणि मागल्या टोंकाला सुकाणूचा खांब उभा करावयाचा. मग दोहों बाजूंनीं फळ्या चढवीत जावयाच्या आणि आंतून वांक, म्हणजे नावेच्या बरगड्या, बसवावयाच्या. या वांकांत खरी मेख आहे. सरळ फळींतून बांकदार तुकडा कापून काढला, तर लांकडाची शीर तुटते आणि पहिल्याच जोराच्या लाटेला तो दगा देतो. म्हणून जी फांदी तेवढ्याच बांकानें वाढली असेल तीच शोधावी लागते. बाभळींतून हिंडणारा होडीचा सुतार झाडें पाहत नसतो. तो वांक पाहत असतो. फळ्यांना सागवान उत्तम. लहान डोणीला आंब्याचें एकसंध खोड कोरूनहि भागे; ती कलंडूं नये म्हणून तिच्या एका अंगाला उलांडी बांधीत. फळ्यांचे सांधे तेलाराळेंत भिजविलेल्या कापसानें ठोकून भरण्याचें काम तें कलफात. पाण्याखालच्या अंगाला चुना आणि चरबी यांचा लेप, वरच्या अंगाला माशाचें तेल. नारळी पौर्णिमेस दर्याला नारळ वाहिला कीं पावसाळाभर वाळूवर ओढून ठेवलेलीं तारवें पुन्हां पाण्यांत.

या साऱ्या कामाला निराळी इमारत लागत नाहीं. घरापुढचें अंगण, नारळाची सावली आणि भरतीची रेषा एवढें पुरतें. शाळाहि लागत नाहीं; मुलगा बापाच्या हाताखालीं शिकतो. या पद्धतीचा मोठा गुण असा कीं विद्या हातांतून सुटत नाहीं. आणि मोठा दोषहि तोच. हातांत नसलेली गोष्ट पुढें आली कीं तिच्याशीं काय करावें हें बापाला ठाऊक नसतें, मग मुलाला कोण सांगणार? १८३१ सालीं छापलेल्या मोल्सवर्थच्या कोशांत आपले कितीतरी दर्यावर्दी शब्द सांपडतात. शब्द ग्रंथांत शिरले. ज्यांचे ते शब्द होते, त्यांच्या हातीं मात्र ग्रंथ आला नाहीं.

सरकारी गोदीची विद्या याहून निराळ्या जातीची होती, असा एक समज आहे. तो अर्धाच खरा. सुरतेचे लवजी नसरवानजी वाडिया १७३६ सालीं कंपनीच्या बोलावण्यावरून कांहीं सुतार घेऊन मुंबईस आले ते सुतार म्हणूनच. त्यांच्या देखरेखीखालीं गोदी बांधली गेली, आणि पुढें सुमारें दीडशें वर्षें मुख्य बांधणाराचा अधिकार त्यांच्याच घराण्यांत राहिला. येथेंहि विद्या बापाकडून मुलाकडे आली. फरक इतकाच कीं या बापांना विलायती आराखडे वाचतां येऊं लागले होते. 'ट्रिंकोमाली' या लढाऊ जहाजाची हकीगत प्रसिद्ध आहे. तिचे नकाशे घेऊन निघालेलें 'जावा' नांवाचें जहाज १८१२ च्या डिसेंबरांत अमेरिकनांच्या हातीं पडलें; मग दुसरी प्रत पाठवावी लागली, आणि १८१७ च्या ऑक्टोबरांत जमशेटजी बमनजी यांनीं ती नौका पाण्यांत लोटली. मलबारी सागवानाची ती नौका आज इंग्लंडांत हार्टलपूल येथें तरंगत आहे. दोनशें वर्षें उलटून गेलीं! सागाच्या अंगीं तेल असतें, त्यामुळें त्यांत ठोकलेला लोखंडी खिळा लवकर गंजत नाहीं. ओक लांकडांतला आम्ल रस मात्र खिळ्याला खातो. आरमाराच्या अधिकाऱ्यांना हें कळलें तेव्हां त्यांनीं मुंबईस मोठमोठीं जहाजें सांगितलीं. १८१० सालचें 'मिंडेन', १८१३ सालचें 'कॉर्नवॉलिस', १८२७ सालीं नवारिनोच्या लढाईंत सेनापतीचें निशाण मिरविणारें 'एशिया', हीं सारीं येथलींच. चीनला मान खालीं घालावयास लावणारा १८४२ चा नानकिंगचा तह याच 'कॉर्नवॉलिस'वर झाला. त्याचा अभिमान आपण कां बाळगावा, हें मला कधीं समजलेलें नाहीं. सुतारकामाचा अभिमान बाळगावा, तो पुरे आहे.

यानंतर वाफ आली.

१८२९ सालीं मुंबईच्या गोदींत 'ह्यू लिंडसे' नांवाची ४११ टनांची आगबोट तयार झाली. लांकूड येथलें, बांधणी वाडियांची, पण ऐंशी-ऐंशी अश्वशक्तींचीं दोन यंत्रें मॉड्स्ले कंपनीचीं, लंडनहून आलेलीं. २० मार्च १८३० रोजीं ती सुएझला निघाली. तिच्यांत सुमारें साडेपांच दिवसांचा कोळसा मावण्याची सोय होती, आणि एडन तर त्याच्या दुप्पट दिवसांवर! खोल्यांतून, डेकवरून, जागा मिळेल तेथें कोळसा रचला. नाव इतकी बुडाली कीं चाकें अर्धीअधिक पाण्याखालीं गेलीं. तरी तेहतीस दिवसांत ती पोंचली. या यशाचे गोडवे बरेच गाइले गेले. पण वाडियांच्या दृष्टीनें पाहतां तींत एक अवघड गोष्ट होती. आतांपर्यंत पठाणापासून डोलकाठीपर्यंत सारी नौका त्यांची असे. आतां कुडी मुंबईची आणि काळीज लंडनचें, अशी वांटणी झाली. आणि काळीज ज्याचें त्याचीच उद्यां सत्ता, हें ओळखावयास फार दूरदृष्टीची गरज नव्हती.

ती ज्यांनीं सर्वांत आधीं ओळखली ते अर्देशीर कर्सेटजी वाडिया. जन्म ६ ऑक्टोबर १८०८. चौदाव्या वर्षीं गोदींत उमेदवार. घराण्याच्या रिवाजाप्रमाणें वाकस आणि पटाशी हातीं घेऊन ते शिकले, पण त्यांचें मन वाफेवर बसलें. गोदींत यंत्र येई तें बंद पेट्यांतून, आणि तें जोडणारा माणूस विलायतेहून येई. तेव्हां अर्देशीर यांनीं जें गोदींत करतां येईना तें घरीं करावयास घेतलें. एका अश्वशक्तीचें एक लहानसें यंत्र त्यांनीं स्वतः तयार केलें. एका अश्वशक्तीचें यंत्र म्हणजे कांहीं मोठी गोष्ट नव्हे, असें कोणी म्हणेल. परंतु नळकांड्याचें भोंक सारखें गोल कोरणें, त्यांत दट्ट्या असा बसविणें कीं तो अडकूं नये आणि बाजूनें वाफहि निसटूं नये, हें ज्यानें एकदां स्वतःच्या हातानें केलें, त्याला मोठ्या यंत्रांतलें कांहींच परकें राहत नाहीं. ज्यानें नुसती विलायती पेटी उघडली त्याला तें कधींच समजत नाहीं.

मग होडी. १८३३ च्या सुमारास त्यांनीं सुमारें ६० टनांचें 'इंडस' नांवाचें एक लहान समुद्रगामी जहाज बांधून पाण्यांत उतरविलें आणि त्याला वाफेचें यंत्र जोडलें. वयाचें पंचविसावें वर्ष. हें काम किती अवघड, याची कल्पना वाचकांस यावी म्हणून थोडा विस्तार करतों. शिडाच्या नावेवर वाऱ्याचा जोर वरून येतो, डोलकाठीवाटे उतरतो आणि साऱ्या अंगभर वांटला जातो. फळ्या आणि वांक त्या जोरासाठींच पिढ्यान्पिढ्या बेतलेले. यंत्राचें तसें नाहीं. बॉयलर, पाणी आणि कोळसा यांचें सारें वजन पोटाच्या मधल्या भागावर पडतें; दोन्हीं टोंकें त्या मानानें हलकीं राहतात, आणि कणा मध्यें खचूं पाहतो. यंत्राचा धक्का क्षणोक्षणीं एकाच जागीं बसतो, त्यानें सांधे हलतात आणि कापूस बाहेर पडूं लागतो. शिवाय कोरड्या लांकडाच्या आंत रात्रंदिवस आग! म्हणून पठाणाच्या वर जाड लांकडांचा पलंग घालून त्यावर यंत्र बसवावें लागतें, तें वजन लांबवर वांटावें लागतें, आणि भट्टीभोंवतीं आगीपासून बचाव करावा लागतो. मोठ्या जहाजांत या गोष्टींना थोडी सवड असते. ६० टनांच्या नावेंत प्रत्येक चूक ताबडतोब पाण्याच्या रूपानें आंत येते. एवढ्याकरितांच लहान नाव हें प्रयोगाला उत्तम स्थळ. चुकलें तर नुकसान थोडें, आणि शिकावयास मिळतें तें पुष्कळ. सरकारी गोदींत कोणाला चुकण्याची परवानगी नव्हती. घरीं होती.

त्याच बंगल्यांत १८३४ सालीं त्यांनीं धुराचे, म्हणजे गॅसचे, दिवे लावले. तत्कालीन गव्हर्नर अर्ल ऑफ क्लेअर तो प्रकाश पाहण्यास आले होते. मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले ते १८६५ सालीं, म्हणजे एकतीस वर्षांनंतर. ज्या दशकांत बाळशास्त्री जांभेकर 'दर्पण' काढून इंग्रजी विद्या मराठी वाचकापुढें मांडीत होते, त्याच दशकांत कांहीं मैलांवर हा मनुष्य तीच विद्या लोखंडांत आणि लांकडांत उतरवीत होता. आपल्याकडील प्रबोधनाच्या इतिहासांत पहिल्यास पानेंच्या पानें मिळालीं, दुसऱ्यास एखादी तळटीप. शाईच्या डागाला आपण जेवढा मान देतों तेवढा काजळीच्या डागाला देत नाहीं, ही आपली जुनी खोड आहे.

१८३८ सालीं घराण्यांतले जहांगीर नवरोजी आणि हिरजीभाई मेरवानजी हे दोन तरुण जहाजबांधणी शिकण्यासाठीं इंग्लंडला गेले. चॅटहॅमच्या गोदींत ते राहिले, आणि आपल्या अडीच वर्षांच्या वास्तव्याचें पुस्तक त्यांनीं १८४१ सालीं छापलें. अर्देशीर १८३९ सालीं सुएझच्या वाटेनें निघाले. त्यांची प्रवासाची रोजनिशी १८४० सालीं लंडनांत प्रसिद्ध झाली. २७ मे १८४१ रोजीं ते रॉयल सोसायटीचे सभासद निवडले गेले. हा मान मिळालेले ते पहिले हिंदी. दुसरे श्रीनिवास रामानुजन, १९१८ सालीं. मध्यें सत्याहत्तर वर्षें गेलीं. सोसायटीनें त्यांची निवड केली तेव्हां घरचा गॅस आणि ती ६० टनांची नाव याच गोष्टी मुख्यत्वें त्यांच्या नांवावर होत्या, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

त्याच वर्षीं त्यांना मुंबईच्या सरकारी स्टीम फॅक्टरीचे मुख्य इंजिनियर नेमण्यांत आलें. युरोपियन कारागिरांवर एक हिंदी मनुष्य अधिकारी! 'बॉम्बे टाइम्स' पत्रानें शंका काढली कीं हिंदी मनुष्य कितीहि हुषार असला तरी त्याला हें झेपेल काय. अर्देशीर यांनीं तें १८५७ पर्यंत, म्हणजे सोळा वर्षें, झेपवून दाखविलें.

नोकरी सरकारी असली तरी घरची भट्टी विझली नव्हती, आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती हीच गोष्ट. १८४९ सालीं ते अमेरिकेस गेले आणि लांकूड कापण्याचीं यंत्रें विकत घेऊन त्यांनीं तीं मुंबईस रवाना केलीं. शिवणयंत्र, फोटो काढण्याची कला, विजेनें मुलामा देण्याची रीत, यांचेहि प्रयोग त्यांनीं मुंबईकरांना दाखविले. आणि १८५१ च्या फेब्रुवारींत त्यांनीं 'लवजी फॅमिली' ही आगबोट पाण्यांत सोडली. तिचे भाग त्यांच्या राहत्या घरच्या ओतशाळेंत तयार झाले होते. नांवांतच सारें आलें. पणज्याच्याहि पूर्वींचा तो सुरतेचा सुतार १७३६ सालीं वाकस घेऊन आला होता. एकशें पंधरा वर्षांनीं त्याच्या वंशजानें कुडी आणि काळीज पुन्हां एका घरांत आणलें, आणि नावेला त्या घराचेंच नांव दिलें.

येथें कोणी विचारील कीं यांत एका सधन, वशिल्याच्या माणसाच्या हौसेपलीकडे काय आहे? वाळूवरच्या कोळ्याला लोखंडाची भट्टी कोठून परवडणार? आक्षेप खोटा नाहीं. अर्देशीर यांच्यापाशीं पैसा होता, गोदींत वजन होतें, आणि गव्हर्नर त्यांच्या घरीं येत होता. ज्यांनीं सांचे भरले, लोखंड वितळविलें आणि फळ्या चढविल्या, त्यांतल्या एकाचेंहि नांव आपल्यापर्यंत आलेलें नाहीं. पण मला त्यांतच या गोष्टीचें मोल दिसतें. हे अनाम लोहार-सुतार इंग्लंडला गेले नव्हते, रॉयल सोसायटीशीं त्यांचा कांहीं संबंध नव्हता. तरी चांगला शिकविणारा आणि चुकण्याची मोकळीक मिळतांच त्यांनीं आगबोट घडविली. 'हिंदी माणसाला यंत्र जमत नाहीं' या म्हणण्याला 'बॉम्बे टाइम्स'ला दिलेल्या शंभर पत्रांपेक्षां हें उत्तर अधिक पुरेसें होतें.

मग ही परंपरा पुढें कां चालली नाहीं? विद्या नव्हती म्हणून नव्हे. जग लांकडाकडून लोखंडाच्या नावेकडे वळत होतें. लोखंडाचे पत्रे, कोळसा आणि भांडवल हें सारें ग्लासगोच्या किनाऱ्यावर एकत्र होतें, आणि येथें आगबोटी बांधवून घेण्यापेक्षां तेथून आणविणें स्वस्त पडूं लागलें. ज्या सरकारनें अर्देशीर यांना पगार दिला त्याला त्यांच्या पद्धतीची गरज वाटली नाहीं. दुरुस्ती करणारी गोदी त्याला पुरे होती. आणि शेवटीं घरचा कारखाना घरच्या माणसाच्या आयुष्याएवढाच. निवृत्तीनंतर १८६१ ते १८६३ या काळांत अर्देशीर सिंधु नदीवरच्या आगबोटींच्या कंपनींत मुख्य इंजिनियर होते. त्यानंतर ते इंग्लंडांत रिचमंड येथें जाऊन राहिले, आणि १६ नोव्हेंबर १८७७ रोजीं तेथेंच वारले. भारत सरकारनें १९६९ सालीं त्यांच्या नांवाचें टपाल तिकीट काढलें. बंगल्यांतली भट्टी चालविणारा दुसरा कोणी निघाला नाहीं.

वाळूवरचे सुतार मात्र आपल्या जागीं राहिले. शंभर वर्षें त्यांना वाफेशीं कांहीं कर्तव्य नव्हतें. त्यांचें शीड त्यांना पुरत होतें. १९५० नंतरच्या दशकांत मच्छीमार होड्यांना डिझेलचीं यंत्रें बसूं लागलीं, आणि जो प्रश्न 'इंडस'च्या पोटांत उभा राहिला होता तोच कोळीवाड्याच्या वाळूवर येऊन उभा राहिला. यंत्र पुन्हां परक्या कारखान्याचें, आणि पुस्तक पुन्हां कोणाच्याच हातीं नाहीं. मागचा भाग रुंद करावा लागला, कारण निमुळत्या पाठींत यंत्र बसेना. पंख्याचा दांडा जाण्यासाठीं मागच्या जाड लांकडांतून सरळ रेषेंत भोंक पाडावें लागलें. तें केसभर तिरपें गेलें तरी सारी नाव थरथरे. पठाणाच्या दोहों अंगांना दोन लांबलचक जाड लांकडें घालून त्यांवर यंत्राची बैठक आली, आणि वांक पूर्वींपेक्षां जवळ-जवळ आले. आतां फायबरच्या नावा पुष्कळ झाल्या आहेत. पण भाऊच्या धक्क्याला आणि ससून गोदीला लांकडी नावा अद्याप लागतात, आणि त्यांच्या पोटांत ही बैठक पाहावयास मिळते. ती बसविण्याची रीतहि सुतारानें आपल्या परीनेंच ठरविली आहे. पहिल्या दिवशीं यंत्र चालू करावयाचें, नाव किनाऱ्यापासून थोडी दूर न्यावयाची, आणि कोणत्या सांध्यांतून पाणी येतें तें कंदील लावून पाहावयाचें. मग परत वाळूवर ओढून तेवढ्या सांध्याचें पुन्हां कलफात.